पाठीमागची भिंत आणि पुढची भीड

कॅमेऱ्यासोबत जी झूम लेन्स येते ती एका जागी उभं राहून आख्खी बाग दाखवते आणि त्याच जागेवरून त्या बागेतल्या एका जास्वंदीपर्यंत पोचते. ती खोक्यातच आलेली असल्यामुळे तिचे वेगळे पैसे पडले असंही वाटत नाही. ही लेन्स काढून कपाटात ठेवायची, मग पंधरा-वीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत ऐपतीप्रमाणे किंवा ऐपत सोडून पैसे मोजायचे, आणि जी पुढे होत नाही व मागेही होत नाही अशी एक लेन्स, म्हणजे प्राइम लेन्स, घरी आणायची, या व्यवहाराला छायाचित्रकलेत प्रगती म्हणतात. ही प्रगती घरच्यांना समजावणं हा वेगळा अभ्यासक्रम आहे. "जुनी बिघडली का?" "नाही." "मग ही जास्त लांबचं काढते?" "नाही, ही लांबचंही ओढत नाही आणि जवळचंही पसरत नाही. ही जेवढं काढते तेवढंच काढते." "आणि तरी महाग?" "म्हणूनच महाग." इथं संवाद संपतो आणि समोरचा माणूस वीजबिलाचा विषय काढतो.

एवढं सगळं पत्करल्यावर तरी माणसानं मोकळं व्हावं. पण प्राइम लेन्स घ्यायची हे ठरणं आणि कोणती घ्यायची हे ठरणं, यांच्या मधल्या काळात कॅमेऱ्याची वॉरंटी संपते. एका कांदेपोह्यांच्या बैठकीत, बशीतले दाणे संपायच्या आत जन्माचा जोडीदार पक्का करून आलेला गृहस्थ ३५ एमएम घ्यावी की ५० यावर दोन दिवाळ्या घालवतो. मधूनच ८५ त्याच्या स्वप्नात येते. आकडा वाढला की लेन्सला दिसणारी जागा आकसते, एवढंच. फोर्टातल्या बोराबाजारात कॅमेऱ्याच्या दुकानात गेलं तर काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "काय काढणार यानं, साहेब?" हा या सगळ्या प्रकरणातला एकमेव शहाणा प्रश्न, आणि नेमका त्याचाच अभ्यास झालेला नसतो. "तसं काही नाही, जनरल." "जनरलला पन्नास घ्या." "पस्तीस नको?" "मग पस्तीस घ्या." दुकानदार सगळ्यांशी सहमत असतो, त्याला संध्याकाळी शटर ओढायचं असतं. मग आम्ही लेन्सवाले घरी येऊन पुन्हा परीक्षणांकडे वळतो. ही परीक्षणं म्हणजे बहुतेक विटांच्या भिंतींचे फोटो. मधली वीट किती धारदार, कोपऱ्यातली वीट किती धारदार, आणि चारशे टक्के मोठी केल्यावर कोपऱ्यातल्या विटेच्या कडेला जांभळी रेघ दिसते का. आमच्या मंडळींनी वीट जितकी निरखली आहे तितकी प्रत्यक्ष पांडुरंगानेही निरखली नसेल, आणि तो तर तिच्यावर उभा आहे.

माझं म्हणणं असं आहे की ही निवड काचेवर ठरतच नाही. ती दोन अंतरांवर ठरते. फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे मोकळी जागा किती, हे एक. आणि समोरच्या माणसाच्या किती जवळ जाण्याइतका तो निर्भीड आहे, हे दुसरं. पहिलं अंतर सुताराच्या टेपनं मोजता येतं. दुसरं ज्याचं त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि ते चारचौघांत उघडं पडू नये म्हणूनच बाकीची सगळी तांत्रिक चर्चा चालते.

भिंतीपासून सुरुवात करू, कारण ती निदान दिसते. ३६ बाय २४ मिलिमीटरचा, ज्याला फुल फ्रेम म्हणतात तो सेन्सर धरला आणि कॅमेरा उभा करून एक उभा माणूस डोक्यावर-पायाखाली थोडी हवा सोडून बसवायचा म्हटलं, तर ३५ एमएमला साडेसहा फूट मागे जावं लागतं, ५०ला सव्वानऊ फूट आणि ८५ला पावणेसोळा. शाळेतल्या समरूप त्रिकोणांचं गणित आहे, त्यात कोणत्याही कंपनीला काही करता येत नाही. आता एकट्या माणसाऐवजी चार मीटर रुंद पसरलेलं कुटुंब आडव्या चौकटीत घ्यायचं ठरवा: ३५ला तेरा फूट, ५०ला साडेअठरा आणि ८५ला एकतीस फूट. एकतीस फुटांचा हॉल असलेला माणूस फोटो स्वतः काढत नाही, त्याच्याकडे त्यासाठी माणसं येतात. इतरांच्या घरी कोणतंही बारसं घ्या. पाळण्यामागे दोन रांगा लागलेल्या आहेत, आत्याबाई बाळाच्या कानात नाव सांगून मोकळ्या झाल्या आहेत आणि नव्या पंच्याऐंशीचा मालक पुढे सरसावतो, म्हणजे मागे सरकतो. "जरा जवळ जवळ या." सगळे जवळ येतात. "आणखी." एव्हाना काका आणि काकूंमध्ये लग्नानंतर प्रथमच इतकी जवळीक झालेली असते. "डावीकडच्या मावशी दिसत नाहीयेत." "मी केव्हाची उभी आहे रे!" तो सोफ्याला अडखळतो, चपलांच्या स्टँडवर बसतो, उंबरा ओलांडतो, शेजाऱ्यांच्या दाराला पाठ लावतो, शेजारी दार उघडतात, तो दिलगिरी व्यक्त करून थोडा डावीकडे सरकतो आणि लिफ्टमध्ये जातो. त्याच वेळी तळमजल्यावर कुणीतरी बटण दाबतं. तो जिना चढून परत येईपर्यंत मामांनी हात लांब करून फोनवर सगळ्यांचा फोटो काढलेला असतो, आणि त्यात सगळे असतात. फक्त कॅमेरावाला नसतो. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ एमएमच्या लेन्सइतकं रुंद पाहतो. फोन बनवणाऱ्यांनी आपले हॉल मोजले होते की नाही ठाऊक नाही, पण बारशाला त्यांचाच माणूस उपयोगी पडतो.

यावर पहिला आक्षेप पाठ केलेला असतो: प्राइम लेन्स असली की झूम पायांनी करायचं. हा सल्ला देणाऱ्या माणसाच्या मागे नेहमी मोकळं मैदान असतं. ज्याच्या मागे भिंत आहे त्याचे पाय भिंतीशी संपतात, आणि सिंहगडावर कड्याच्या काठाशी उभं राहून पायांनी झूम करणाऱ्यानं आधी घरी सांगून आलेलं बरं. पण जागेची अडचण बाजूला ठेवली तरी या सल्ल्यात एक मूळचा घोटाळा आहे. जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत किती लहान-मोठ्या दिसाव्यात, हे लेन्स ठरवत नाही, अंतर ठरवतं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापुढे एका पाहुण्याला उभं करा. ८५ लावून लांबून फोटो काढला तर पाहुण्याच्या मागे दरवाजा प्रचंड उभा राहतो, पेशवाई अजून चालू असावी असा. ३५ लावून, पाहुणा चौकटीत तेवढाच मोठा येईल इतकं जवळ जाऊन काढला तर तोच दरवाजा मागे आकसून जातो आणि पाहुण्याचं पोट इतिहासात पुढे येतं. पायांनी झूम करून तोच फोटो मिळत नाही, दुसराच मिळतो. कधी तो जास्त चांगलाही असतो, पण पाहुण्याला तसं पटवून देणं अवघड. तेव्हा उभं कुठं राहायचं हे आधी ठरवावं आणि त्या जागेवरून हवं तेवढं दिसेल अशी लेन्स शोधावी. आम्ही उलटं करतो: लेन्स आधी घेतो, आणि मग तिला साजेशी जागा शोधत गावभर हिंडतो.

दुसरं अंतर याहून नाजूक आहे. नुसतं डोकं आणि खांदे चौकटीत भरायचे तर ३५ घेऊन दोन फुटांवर जावं लागतं, ५० घेऊन तीन फुटांवर आणि ८५ घेऊन पाच फुटांवर. मधल्या तीन फुटांतच सगळा स्वभाव उघडा पडतो. दोन फुटांवर अनोळखी माणूस येतो तो एकतर गुपित सांगायला किंवा पाकीट मारायला. मंडईत भाजीवालीसमोर ३५ घेऊन उभं राहिलेल्या कलावंताची छाती धडधडत असते. "काय देऊ?" "नाही, ते, फोटो काढला तर चालेल का मावशी?" "चालंल की. आधी मेथी घे." असा मनुष्य मेथीच्या दोन जुड्या आणि मेथीचाच एक फोटो घेऊन घरी येतो. पुन्हा मंडईत जायची त्याची हिंमत होत नाही, आणि तो वस्तूंकडे वळतो. पस्तीसवाल्यांचे संग्रह उघडून पाहा: जुन्या वाड्यांचे दरवाजे, दरवाज्यांच्या कड्या, कड्यांचे कोयंडे, भिंतीला टेकवलेली सायकल, पायरीवरचं मांजर आणि पाठमोरी माणसं. माणसांच्या पाठी तर इतक्या, की एखाद्या मणक्याच्या डॉक्टरनं जपून ठेवाव्यात. कोयंडा "कुठं छापणार?" असं विचारत नाही आणि पाठ "आधी दाखव" म्हणत नाही. पुण्यात वाडे पडत चालले तशी या मंडळींची खरी अडचण झाली आहे. पंच्याऐंशीवाला याच भिडेवर दुसरा उपाय करतो. तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो आणि त्याला कॅन्डिड म्हणतो. नेमका क्षण येतो, चहावाला चहाची धार हातभर उंचावरून सोडतो, आणि मध्ये पीएमपीची बस येऊन थांबते. बसवरच्या जाहिरातीतला बंगल्यांचा प्रकल्प मात्र कोपऱ्यापर्यंत धारदार येतो.

थोरामोठ्यांचे दाखले इथं हमखास निघतात. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँनं आयुष्यातलं बहुतेक काम ५० एमएमवर केलं, म्हणून पन्नासच घ्यावी, आणि ज्या अर्थी त्याच्याकडे पन्नास होती त्या अर्थी आपली निदान एफ १.२ची तरी असावी (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). पहिलं विधान खरं आहे. दुसऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. ऑस्कर बार्नाकनं लाइट्झ कंपनीत घडवलेला लायका १९२५ साली बाजारात आला तेव्हा त्याच्यावर ५० एमएमची लेन्स होती आणि तिचं तोंड उघडून उघडून एफ ३.५पर्यंत उघडायचं. आज कॅमेऱ्यासोबत येणारी, आम्ही जिला किट लेन्स म्हणून नाक मुरडतो ती रुंद टोकाला बहुतेकदा तेवढीच उघडते. कार्तिए-ब्रेसाँनं काळजी काचेची घेतली नाही, भिडेची घेतली: कॅमेऱ्याचे चकचकीत भाग लोकांच्या नजरेत येऊ नयेत म्हणून त्यानं त्यांवर काळी पट्टी चिकटवली. आम्ही गळ्यात पिवळा-काळा पट्टा घालतो, त्यावर कंपनीचं नाव चार मीटरवरून वाचता येतं. पॅरिसच्या सेंट-लझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा १९३२चा फोटो जगप्रसिद्ध आहे. तो त्यानं कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून काढला, एका बाजूला फळी आली, आणि फोटो कापण्याच्या एरवी विरोधात असलेल्या या माणसाला ती बाजू कापून टाकावी लागली. जागेपुढे त्याचंही चाललं नाही. आपल्याकडे होमाई व्यारावालांनी स्वातंत्र्याच्या सुमाराची दिल्ली टिपली. त्यांच्या कॅमेऱ्यांपैकी रोलायफ्लेक्सची लेन्स कॅमेऱ्यातून निघतच नसे, त्यामुळे कोणती लावावी हा प्रश्नही निघत नसे. शिवाय रोलायफ्लेक्स पोटाशी धरून वरून खाली पाहायचं असतं. फोटो काढणाऱ्याची मान आपोआप झुकते, आणि समोरच्याला वाटतं, कुणीतरी आपल्याला नमस्कारच करतंय.

"पण अंधारात काय कराल?" हा खरा वजनदार आक्षेप, आणि त्याचं वजन ग्रॅममध्ये सांगता येतं. कॅननची मिररलेससाठीची ५० एमएम एफ १.८ ही लेन्स १६० ग्रॅमची आहे. तिचीच एफ १.२वाली थोरली बहीण ९५० ग्रॅमची. किंमत सुमारे दहापट. एवढं करून प्रकाश येतो सव्वादोन पट. म्हणजे जिथं आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची ताकद) ३२०० ठेवावा लागला असता तिथं १४००च्या आसपास भागतं. अंधाराचा विषय निघाला की स्टॅनली कुब्रिकचं नाव निघतं: 'बॅरी लिंडन' या १९७५च्या चित्रपटात त्यानं मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग टिपले, आणि त्यासाठी 'नासा'करता बनवलेली झाइसची ५० एमएम एफ ०.७ वापरली. हे ऐकून आमच्यातल्या कित्येकांना रात्री झोप येत नाही. पण पुढचं गणित कुणी करत नाही. कुब्रिकची फिल्म १०० एएसएची (फिल्मच्या काळातला आयएसओच), धुताना खेचून २०० केलेली. आजचा साधा मिररलेस ६४०० आयएसओला कुरकूर न करता जातो, म्हणजे बत्तीस पट. तेवढी सवलत मिळाल्यावर त्याच मेणबत्तीखाली, शटर तेवढाच ठेवून, एफ ४ पुरते. एफ ४! कपाटात पडलेली ती बिचारी झूम, 'नासा'नं चंद्रासाठी करून घेतली होती त्या लेन्सचं काम आज रुंद टोकाला करू शकते, आणि आम्ही तिला वापरलेल्या बॅटऱ्यांच्या डब्यात टाकलेली आहे. कुणी म्हणेल, कुब्रिकचे नट सांगितल्यावर गप्प बसायचे, आमचं पोर बसत नाही. मान्य. पळत्या पोरासाठी शटर वेगवान हवा आणि त्यासाठी उजेड हवा. पण तोंड एफ १.२ इतकं उघडलं की तीन-सव्वातीन फुटांवर पन्नासच्या लेन्सला जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीचा थर स्पष्ट दिसतो. पोर त्या तीन सेंटिमीटरमध्ये थांबतं ते फक्त झोपल्यावर, आणि तेव्हा शटर वेगवान लागत नाही.

खरं कारण अंधार नाहीच. खरं कारण मागचं धूसर करणं, आणि ते मी मोकळ्या मनानं मान्य करतो, कारण त्यामागची वेदना खरी आहे. आपल्या घरात माणूस कुठंही उभा केला तरी त्याच्या मागे काहीतरी असतं. दोरीवरचे टॉवेल, पाण्याचा फिल्टर, शिलाई मशीनवर चढवलेली उशांची चळत, खिळ्याला टांगलेलं 'कालनिर्णय' आणि त्यावर दुधाचे खाडे. हे सगळं आवरायला अर्धा रविवार जातो, एफ १.८वर ते एका क्षणात वितळतं. घर आवरण्यापेक्षा लेन्स परवडते असा हिशेब केला तर तो चुकीचा नाही. फक्त वितळवणं कुठं थांबवायचं हे कळत नाही. ८५ एमएम, एफ १.८, पाच फूट अंतर: स्पष्ट दिसणाऱ्या थराची जाडी साधारण साडेतीन सेंटिमीटर. एफ १.२ला सव्वादोन. आजी जरा तिरकी बसली की तिचा डावा डोळा लख्ख येतो, पापणीचा केस न् केस मोजावा, आणि उजवा डोळा वैकुंठात. "माझा हा डोळा असा का?" "आजी, तो बॅकग्राउंडमध्ये गेला." "मोतीबिंदूचं ऑपरेशन तर याच डोळ्याचं झालं होतं!" आणि इतक्या तपश्चर्येनं मिळवलेला हा चोवीस मेगापिक्सेलचा फोटो अखेर पाहायचा कुठं? फोनवर. फोन उभा धरला की १०८० ठिपक्यांच्या रुंदीत आडवा फोटो १०८० बाय ७२० एवढाच मावतो, म्हणजे पाऊण मेगापिक्सेलच्या जरासा वर. कोपऱ्यातली ती वीट, जिच्यासाठी रात्री जागवल्या, तिच्या वाट्याला त्यात एक ठिपकाही येत नाही.

आपल्याला कोणती लेन्स लागते याचा पुरावा आपल्याच संगणकात पडून असतो. डिजिटल फोटो किती एमएमला काढला हे त्या फोटोच्या पोटात लिहिलेलं असतं. झूमनं काढलेले सगळे फोटो उघडून ते आकडे ओळीनं लावले की चित्र दिसतं ते असं: १८-५५ची लेन्स असेल तर एक मोठा ढीग १८वर, दुसरा मोठा ढीग ५५वर, आणि मध्ये शुकशुकाट. पहिला ढीग भिंतीचा: मागे जायला जागा नव्हती, लेन्स पूर्ण पसरली. दुसरा भिडेचा: जवळ जायचं धाडस नव्हतं, लेन्स पूर्ण ओढली. ज्या ३५साठी एवढा खल चालला आहे ती नेमकी त्या शुकशुकाटात पडते. हा पुरावा दाखवल्यावर माणूस शांतपणे म्हणतो, "म्हणजे मी आतापर्यंत चुकीचे फोटो काढत होतो. ३५ घेतलीच पाहिजे." याला उत्तर नाही. त्यात भर लहान सेन्सरची. एपीएस-सी सेन्सरवर ५० लावली की ती ७५सारखी पाहते, ३५ ही साडेबावन्नसारखी, कॅननच्या सेन्सरवर आणखी थोडी अरुंद. त्यामुळे पन्नासचे गुण ऐकून पन्नास घेऊन येणाऱ्याला घरी आल्यावर पंच्याहत्तरनं दर्शन दिलेलं असतं आणि तो पुन्हा उंबऱ्याबाहेर.

पस्तीस की पन्नास हे भांडण मिटावं म्हणून कंपन्यांनी ४० एमएम काढल्या. सेन्सरचा कर्ण साडेत्रेचाळीसला थोडा कमी, तेव्हा हिशेबानं हाच मध्य, असंही कुणी सांगितलं. परिणाम एवढाच झाला की दोघांचं भांडण होतं ते तिघांचं झालं. या बाबतीत सोनीचं मात्र कौतुक केलं पाहिजे. २०२१ साली त्यांनी २४, ४० आणि ५० एमएम अशा तीन छोट्या लेन्स एकदम आणल्या, आणि तिघींची लांबी एक, जाडी एक, पुढच्या फिल्टरचं माप एक. वजनातही दहा-बारा ग्रॅमचाच फरक. अभियंत्यांनी कारणं काहीही दिली असतील, पण ज्या घरात "ही नवी आहे का?" हा प्रश्न विचारला जातो तिथं या योजनेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. टेबलावर एका वेळी एकच ठेवायची. ती तीच असते.

शेवटचा आक्षेप अर्थशास्त्राचा: चांगली लेन्स ही गुंतवणूक, एकदाच घ्यावी, जन्मभर टिकते. टिकते, पण कुठं? मुंबईत आणि कोकणात जुलै महिन्यात कपाटातले जोडेसुद्धा हिरवे होतात. बंद कातडी डब्यात जपून ठेवलेली लेन्स गणपतीच्या सुमारास बाहेर काढून तिच्यातून मोबाइलचा टॉर्च तिरका मारून पाहावा: काचेच्या कडेपासून आतल्या बाजूला बारीक पांढऱ्या तंतूंची नक्षी सरकत आलेली दिसते, पुसायला जावं तर ती आतल्या काचेवर असते. बुरशीला एफ १.२ आणि एफ १.८ यांतला फरक कळत नाही. ओल आणि अंधार मिळाला की तिचं भागतं. मग लेन्ससाठी विजेवर चालणारं कोरडं कपाट येतं, त्यात चाळीस-पन्नास टक्के आर्द्रता राखली जाते, आणि घरातली माणसं पंखा पाचवर करून बसतात. वापरात असलेली लेन्स उजेडात-वाऱ्यात फिरत असते म्हणून तिला हा त्रास कमी. गुंतवणूक म्हणून घेतलेली बाहेर निघत नाही.

तेव्हा टेप घ्यावा, हॉल मोजावा, आणि आपण कुणाच्या किती जवळ जाऊ शकतो हे प्रामाणिकपणे कागदावर लिहावं. हॉल चौदा फुटांचा आणि फोटो घरच्यांचे, तर ३५. ओळखीच्याच माणसांचे चेहरे काढायचे आणि त्यांना तीन फुटांवर आपलं वावडं नसेल, तर ५०. माणूस भिडस्त आणि अंगण मोठं, तर ८५. यात काही अवघड नाही. अडचण एवढीच की आमच्यातला खरा भक्त हा हिशेब दुसऱ्या टोकाकडून करतो. ८५ त्याच्या मनात भरलेली असते, एकतीस फूट ही तिची अट असते, आणि अट मोडण्याऐवजी तो बाणेरला नव्या इमारतीतला सँपल फ्लॅट पाहायला जातो. बरोबरची मंडळी ओट्याची उंची आणि देवघराची दिशा पाहत असतात. हा खिशातून टेप काढतो आणि एक टोक विक्री प्रतिनिधीच्या हातात देऊन बाल्कनीच्या दिशेनं चालू लागतो. "सर, या भिंतीला तुमचा सोफा छान बसेल." "सोफा नाही ठेवायचा. तिथं मी उभा राहणार." प्रतिनिधी मुरलेला असतो, त्यानं वास्तुशास्त्रवाली गिऱ्हाइकं पाहिलेली असतात. तो टेप घट्ट धरून नम्रपणे विचारतो, "तोंड पूर्वेला करून का, सर?"